अण्णांचा उंट आणि सरोजाबाईंचा हल्ला

सभ्य माणसांना दुसऱ्याच्या घरात घुसायला शिकवणं हा माझा धंदा आहे. घर अर्थात राजाचं, पटावरचं. पण शिकवताना मी जे शब्द वापरतो ते ऐकून खालच्या भांड्यांच्या दुकानदाराने एकदा घाबरून वर येऊन पाहिलं होतं. ‘आधी दाराची कडी काढा, मग पहारेकऱ्याला बाहेर ओढा, मग आत शिरा’ असं मी खणखणीत आवाजात सांगत होतो, आणि समोर चार निवृत्त गृहस्थ माना डोलावत होते.

मी मूळचा सांगलीकडचा. बायकोच्या नोकरीमुळे चेन्नईला आलो आणि इथलाच झालो. चेन्नईत येऊन बुद्धिबळ शिकवायचं म्हणजे तिरुपतीला जाऊन लाडू विकण्यातला प्रकार. इथे गल्लीगल्लीत क्लास, आणि क्लासातली पोरं अशी तयार की शिकवणाऱ्याला घाम फुटावा. पहिल्याच वर्षी एका पोरीने मला हरवलं आणि वर ‘अंकल, तुम्ही छान खेळलात’ असं सांगून ती आइस्क्रीम खायला गेली. त्या दिवशी मी ठरवलं, आपण मोठ्यांना शिकवायचं. मोठी माणसं सावकाश शिकतात, हरली की रडत नाहीत, फार तर रक्तदाबाची गोळी घेतात. वेस्ट मांबलममध्ये स्टेशनच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर एक हॉल मिळाला आणि माझा वर्ग सुरू झाला. आजही चालू आहे. ऐन शांततेत खाली एखादी परात पडते आणि कोणाच्या तरी हातून भलतीच चाल होते, एवढीच काय ती अडचण.

माझी खासियत एकच. कोपऱ्यातल्या उंटावर हल्ला. ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी जरा उलगडून सांगतो. खेळ सुरू झाला की बहुतेक जण राजाला मधून उचलून एका बाजूला नेतात आणि त्याच्यापुढे तीन प्याद्यांची भिंत ठेवतात. काही लोक या भिंतीतलं मधलं प्यादं एक घर पुढे सरकवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत उंट आणून बसवतात. या मांडणीला इटालियन नाव आहे, फियांकेटो. मी वर्गात तिला ‘मामींची बाल्कनी’ म्हणतो. वेस्ट मांबलममध्ये राहणाऱ्याला लगेच कळतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मामी, म्हणजे इथल्या वयस्कर गृहिणी, बसलेल्या असतात. त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानापासून थेट गल्लीच्या टोकापर्यंत सगळं दिसतं, आणि त्या तिथे आहेत तोवर जिन्यातून कोणी अनोळखी माणूस वर जाऊ शकत नाही. तो उंट तसाच. तिरप्या रेषेत अख्ख्या पटावर त्याची नजर, आणि वर तो राजाच्या दाराशी.

म्हणून पहिला धडा, मामींना खाली बोलवा. आपला उंट पुढे, आपला वजीर त्याच्या मागे, एकाच तिरक्या रेषेत. मग आपला उंट थेट त्यांच्या उंटाला जाऊन भिडवायचा. मारामारी झाली की दोन्ही उंट पटाबाहेर आणि बाल्कनी रिकामी. दुसरा धडा, कडेचं प्यादं पुढे हाणायचं, भिंतीवर आपटायचं, म्हणजे कडेची उभी गल्ली आपल्या हत्तीसाठी मोकळी होते. तिसरा धडा, दाराशी एक घोडा राखणीला उभा असतो, त्याला हटवायचं. मग वजीर आत. ऐकायला सोपं आहे. अख्खं आयुष्य त्यात गेलं माझं.

सोपं वाटल्यामुळेच घोटाळे होतात. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिथे आपल्याकडची बरीच तरुण मंडळी, चाकणहून बदली होऊन आलेली. त्यांचा कंपन्या-कंपन्यांच्या सामन्यांसाठी संघ होता आणि संघनायक होता निंबाळकर नावाचा साताऱ्याचा इंजिनियर. माणूस शिस्तीचा. माझं दोन रविवार ऐकून त्याने हल्ल्याचं चक्क कामाचं पत्रक केलं. पायरी एक, उंट मांडणे. पायरी दोन, वजीर जोडणे. तपासणी, सही. संघातल्या सगळ्यांनी ते पाठ केलं आणि सगळ्या पटांवर हरून आले.

“सर, प्रोसेस शंभर टक्के फॉलो केली,” निंबाळकर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मशीन नापास झाल्याचं दुःख होतं.

मी डाव पाहिले. एका ठिकाणी समोरच्याने तो उंट कोपऱ्यात नेलाच नव्हता, तरी नसलेल्या मामींना आमचा भिडू खाली बोलवत होता. बाकी ठिकाणी यांची कडेची प्यादी जोरात पळत होती आणि मधल्या पट्टीत समोरचा माणूस शांतपणे दार फोडून आत शिरला होता. “अरे बाबा, तुमचे सगळे लोक गेटवरचा ट्रक उतरवायला गेले आणि मागे लाइन बंद पडली,” मी म्हणालो. हे त्याला लगेच पटलं. मध्य घट्ट असेल तरच कडेला हल्ला, हे वाक्य त्याने पत्रकात पायरी शून्य म्हणून घातलं. मग ते जिंकायलाही लागले. अजून दिवाळीला तो मला त्या पत्रकाची नवी सुधारित प्रत पाठवतो.

पण माझ्या धंद्यातली सगळ्यात चमत्कारिक केस म्हणजे सरोजाबाई.

सरोजाबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधी इकडे आले ते कोणालाच ठाऊक नाही, घरात मात्र मराठी टिकून आहे. आपल्या पणजोबांच्या तोंडी शोभावी अशी, त्यात तमिळ मुरलेलं. बाई शाळेत गणित शिकवत, आता निवृत्त. पहिल्या दिवशी वर्गात आल्या, हॉलभर नजर फिरवली, पंख्याची धूळ पाहिली आणि मला म्हणाल्या, “सर, मला अस्कें शिकायचें नाही. एकच पाहिजे. माझ्या अण्णाला हरवायचें अहे.”

अण्णा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, पांडुरंगराव. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त, दोन गल्ल्या पलीकडे राहत. दर रविवारी सकाळी भाऊ बहिणीकडे इडली खायला यायचे आणि मग डाव मांडला जायचा. लहानपणापासून हा क्रम. आणि लहानपणापासून अण्णाच जिंकत आले होते. एकदाही, चुकूनही, सरोजाबाई जिंकल्या नव्हत्या.

“आणि अण्णा नेहमी तेंच खेळतो,” त्या म्हणाल्या. “उंट कोपऱ्यांत. राजा त्याच्या मागें. मी कितीही आपटल्यें तरी कांहीं होत नाही पा.”

“मग एवढी घाई काय आहे? सावकाश शिकू,” मी म्हणालो.

“पोंगल झालें कीं अण्णा मेलबर्नला जाणार, मुलीकडे. कायमचा. तिनें घर घेतलें अहे, त्याला खोली ठेवली अहे. तो जायच्या आधीं एकदां. एकदांच पुरे.”

हे त्यांनी गणिताच्या बाईंच्या स्वरात सांगितलं, पण मला ते लागलं. दुसऱ्याच दिवसापासून आम्ही कामाला लागलो.

शिष्या म्हणून बाई अव्वल. मी बाल्कनी मांडायची, त्यांनी मोडायची. महिन्याभरात त्या वर्गातल्या सगळ्यांना हरवायला लागल्या. आमच्या वर्गात एक निवृत्त पोलीस अधिकारी होते, मोठे अहंकारी. त्यांचा कोपऱ्यातला उंट बाईंनी असा अलगद बाहेर काढला की साहेब पुढचे दोन आठवडे पाठदुखीच्या नावाखाली घरी बसले. मी खूश. दर सोमवारी विचारायचो, “काल काय झालं?” आणि दर सोमवारी उत्तर एकच. “हरल्यें.”

मला काही कळेना. पांडुरंगराव एवढे तयार खेळाडू असतील तर मी त्यांचं नाव कधीच कसं ऐकलं नाही? शेवटी डॉक्टर घरी भेट देतो तसा मी एका रविवारी सकाळी बाईंच्या घरी जाऊन बसलो.

पांडुरंगराव पाहताक्षणी आवडावेत असे गृहस्थ. कपाळाला गंध, कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, हसरा चेहरा. “या सर, या. तुम्हीच कां माझ्या बहिणीला शस्त्रविद्या शिकवतां?” म्हणाले. इडल्या झाल्या, फिल्टर कॉफी झाली आणि डाव सुरू झाला. मी तोंड बंद ठेवून बाजूच्या खुर्चीत बसलो.

बाई सुरेख खेळत होत्या. मध्य घट्ट, राजा दुसऱ्या बाजूला सुरक्षित, उंट जागेवर. मग त्यांनी वजीर उंटाच्या मागे आणला आणि भावाकडे पाहून आदबीने म्हणाल्या, “अण्णा, तुमच्या उंटाला येत्यें हां.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

अण्णांनी “सेरी, सेरी”, म्हणजे ‘बरं, बरं’ म्हटलं, पट निरखला आणि राजाशेजारचा हत्ती एक घर बाजूला सरकवला. खेळणाऱ्यांना या चालीचं मोल ठाऊक आहे. हत्ती बाजूला झाला की उंटाला मागे कोपऱ्यात सरकायला मोकळीक मिळते. बाईंचा उंट येऊन भिडला, तेव्हा अण्णांचा उंट एक पाऊल मागे सरून बसला. मामी बाल्कनीतून उठून आतल्या खोलीत गेल्या, खाली काही आल्या नाहीत. हल्ला तिथेच संपला. पुढेही तेच. “अण्णा, कडेचें प्यादें येतेंय.” “अण्णा, घोड्याकडे पाहा.” प्रत्येक धोक्याची आधी वर्दी. आणि अण्णा? ते मात्र अवाक्षर न काढता बाईंचा हत्ती खाऊन गेले.

डाव संपल्यावर मी बाईंना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. “हे काय चाललंय? तुम्ही त्यांना सांगता कशाला?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू चपला घालून देवघरात का जात नाही असं मी विचारलं होतं. “थोरल्याला सांगितल्याबिगर कसें मारायचें?” त्या म्हणाल्या.

मग कळलं. त्यांच्या वडिलांनी दोघांना खेळ शिकवला तेव्हाच घरात नेम घालून दिला होता. धाकट्याने थोरल्याच्या सोंगटीवर जायचं असेल तर आधी सांगायचं. थोरल्याने धाकट्याला सांगायची गरज नाही, कारण धाकट्याने शिकायचं असतं. आपल्याकडेही पूर्वी वजिरावर चाल आली की ‘वजीर संभाळा’ म्हणायची पद्धत होतीच. पण या घरात तिला वडीलकीचा मान चिकटला होता. बाईंना हे इतकं अंगवळणी पडलेलं की वर्गात मला सांगायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. वर्गात कोणी थोरलं नव्हतं ना.

“बाई, हा हल्ला म्हणजे चोरपावलांचं काम. वर्दी देऊन तो होत नाही. पुढच्या रविवारी गप्प बसायचं.”

त्या म्हणाल्या, “बसत्यें.” आणि बसल्या नाहीत. त्यांनी प्रयत्न केला हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या रविवारी तोंडात लवंग धरून खेळायला बसल्या. हल्ल्याची वेळ आली तशी चेहऱ्याची घालमेल सुरू झाली, लवंग कडाकडा चावली गेली आणि “अण्णा, उंट” एवढं निघालंच. अण्णांनी शांतपणे हत्ती सरकवला. मला हसूही येईना आणि रागही आवरेना. मी विजारीची नाडी घट्ट धरून बसलो होतो, इतका ताण माझ्यावर.

पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, जवळ येत चाललं. अण्णांच्या घरातल्या भांड्यांची वाटणी झाली, पुस्तकं शेजारच्या वाचनालयात गेली. सरोजाबाई वर्गात आल्या की आधी त्याच बातम्या सांगायच्या. आज कपाट गेलं, आज पलंग गेला. मग पटावर बसायच्या आणि हॉलमधल्या कोणाचा तरी फडशा पाडायच्या.

उपाय मला शेवटी माझ्याच हॉलच्या भिंतीवर सापडला. दर मार्गळीत मी ज्येष्ठांचा एक छोटा सामना भरवतो. तमिळ लोकांचा हा महिना म्हणजे पोंगलच्या आधीचा, पहाटे दारापुढे मोठमोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, आणि संध्याकाळी सभागृहांतून गाणं. बुद्धिबळालाही हवा चांगली असते. त्या सामन्याची नियमांची पाटी भिंतीवर लागलेली. पहिलाच नियम, पटावर बोलायचं नाही. बोललात तर पंच ताकीद देतील. आणि पंच मी.

मी बाईंना म्हटलं, “इथे तुमच्या वडिलांचा नेम चालत नाही, इथे पाटीचा नेम. नाव घाला दोघांचं.” त्यांनी पाटी दोनदा वाचली. गणिताच्या बाईंना लिखित नियमाचा केवढा आदर. त्यांचा चेहरा उजळला. “हें बेस अहे,” म्हणाल्या.

अण्णा आनंदाने आले. दोघेही जिंकत गेले. जोड्या मी गुणांप्रमाणे लावत होतो आणि देवाशपथ सांगतो, त्यात मी बोटही घातलं नाही. शेवटच्या फेरीत भाऊ आणि बहीण समोरासमोर आले, पांढऱ्या सोंगट्या बाईंकडे.

मी इतकी वर्षं पंच म्हणून उभा राहतो, पण त्या दिवशी मी त्या एका पटापासून हललो नाही. पंचाला काही बोलता येत नाही. शिकवणाऱ्याला तर त्याहून नाही.

अण्णांनी नेहमीची मांडणी केली. प्यादं एक घर, उंट त्या जागी, राजा मागे. बाईंनी उंट काढला, त्यामागे वजीर आणला. अण्णांनी मान वर करून बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. बाई पटाकडे पाहत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. अण्णा वाट पाहत राहिले. काही आलं नाही. मग त्यांनी दुसऱ्याच बाजूचं एक प्यादं पुढे केलं. हत्ती सरकवला नाही.

बाईंचा उंट येऊन भिडला. आता अण्णांच्या उंटाला मागे सरायला जागा नव्हती, सरला असता तर हत्ती गेला असता. मारामारी झाली, दोन्ही उंट पटाबाहेर. मामी खाली उतरल्या.

आणि तेव्हा मला दिसलं ते आधी कधीच लक्षात आलं नव्हतं. पांडुरंगराव गोंधळले होते. प्रत्येक चालीनंतर ते आधी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहत, मग पटाकडे. धोका कुठून येतोय ते शोधायची त्यांना सवयच नव्हती. ती त्यांना कधी लागलीच नव्हती. तो अभेद्य वाटणारा किल्ला निम्मा उंटाने राखला होता आणि निम्मा सरोजाबाईंच्या जिभेने.

बाईंनी कडेचं प्यादं पुढे ढकललं, पुन्हा ढकललं. अण्णांच्या घोड्याने ते खाल्लं. फुकटचं वाटलं असणार. पण कडेची गल्ली उघडली आणि बाईंचा हत्ती त्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता. दुसऱ्या प्याद्याने घोड्याला मागे हाकललं. वजीर पुढे गेला, शह. अण्णांचा राजा जागेवर परतला. हॉलमधले बाकी डाव संपले होते, सगळे यांच्याभोवती जमले होते. पोलीस अधिकारीसुद्धा पाठदुखी विसरून वाकून पाहत होते.

आता बाईंनी घोडा उचलला आणि पटाच्या मध्यावर ठेवला. घड्याळ दाबलं. तिसरा धडा, राखणदाराला हटवा. अण्णांच्या घोड्याने मारामारी केली तर दार सताड उघडं, वजीर आत आणि मात. नाही केली तरी बाईंचाच घोडा तो राखणदार खाणार आणि पुन्हा मात. एकच चाल होती खेळ लांबवणारी. हत्ती बाजूला सरकवून राजाला पळायला वाट द्यायची. तरी राजा उघड्यावर पडला असता, फार लांब गेला नसता. पण डाव आणखी बराच वेळ चालला असता.

अण्णा पट पाहत होते. खालच्या दुकानात त्या वेळी एकही भांडं पडलं नाही हे विशेष.

आणि सरोजाबाई बोलल्या. “अण्णा, हत्ती सरकवा.”

माझा हात कपाळावर गेला. नियमाप्रमाणे मला ताकीद द्यायला हवी होती. मी पुढे झालोही. पण माझ्या आधी अण्णांनी हात वर केला. त्यांचा आवाज मृदू होता. “सांगूं नकोस सरोजा. मला पाहूं दे.”

मी घड्याळ थांबवलं, बाईंना रीतसर ताकीद दिली, अण्णांना वेळ वाढवून दिला, घड्याळ पुन्हा चालू केलं. अण्णा पाहत राहिले. आधी घोडा, मग गल्लीतला हत्ती, मग वजीर. एकेका सोंगटीवरून त्यांची नजर सरकत होती. लहान मूल अक्षरं जुळवून पहिला शब्द वाचतं तसे ते पट वाचत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यांना सगळं दिसलं. हत्तीची चालही दिसली असणार, ती तर बहिणीने सांगितलीच होती. ती त्यांनी खेळली नाही. त्यांनी आपल्या घोड्याने बाईंचा घोडा खाल्ला आणि हाताने ‘घे’ अशी खूण केली.

बाईंनी हात पुढे केला नाही. घड्याळ चालत होतं. मला वाटलं, वेळ संपवून हरणार बहुतेक. अण्णांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा कुठे बाईंनी वजीर उचलला आणि दारातलं प्यादं खाल्लं. मात.

टाळ्या पडल्या. पांडुरंगराव उठले आणि ज्याला त्याला सांगत सुटले. “माझी बहीण. मला हरवली. पाहिलांत काय? कशी बेस हरवली.” पोलीस अधिकाऱ्यांना त्यांनी डाव पहिल्यापासून मांडून दाखवायला घेतला. आयुष्यात इतका आनंदाने हरलेला माणूस मी पाहिलेला नाही. मी स्वतः एका पोरीकडून हरलो होतो तेव्हा रात्री जेवलो नव्हतो.

सरोजाबाई मात्र हॉलमध्ये नव्हत्या. शोधत खाली गेलो तर कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाशी उभ्या. मीही एक कॉफी सांगितली. शिकवणाऱ्याचा स्वभाव जात नाही, मी बोलायला सुरुवात केलीच. “बाई, अभिनंदन. पण एक सांगा. घरचा नेम मी समजू शकतो. पण तुमचा नेम धोका सांगायचा. तुम्ही तर त्यांना उपाय सांगितलात. तो कोणत्या नेमात बसतो?”

त्यांनी डबऱ्यातून, म्हणजे खालच्या खोलगट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात कॉफी ओतली. इतका वेळ ओतत राहिल्या की ती गार झाली असणार.

“तें नेमानें नव्हतें सर,” त्या म्हणाल्या. “हत्ती सरला असता तर खेळ आणखी घटकाभर चालला असता. मी इतकीं वर्षें म्हणत होत्यें, एकदां जिंकायचें. घोडा ठेवल्यावर कळलें. जिंकल्यें कीं झालें. मग तो जाणार.” डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलं नाही. “पुढच्या रविवारीं मी कोणावर हल्ला करूं?”

मी अनेकांना अनेक घरांत घुसायला शिकवलं. पहारेकरी कसा ओढावा, भिंत कुठे आपटावी, कशाचा बळी द्यावा, सगळं मला तोंडपाठ आहे. समोरचं घरच रिकामं होणार असेल तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी दोघांच्या कॉफीचे पैसे चुकते केले.

तेवढ्यात वरून हाक आली. हॉलच्या खिडकीतून पांडुरंगराव वाकले होते. “सरोजा, वर ये. पट मांडलों अहे. आतां कोणीच कोणाला कांहीं सांगायचें नाही, तूंही नाही, मीही नाही. पोंगलला अजून वेळ अहे.”

सरोजाबाईंनी पदराने डोळे पुसले, अर्धी कॉफी तशीच टाकली आणि जिना चढायला लागल्या.